गाईच्या कानातला आकडा

त्या रविवारी सकाळी डिंगोऱ्याच्या ओढ्याकाठी कुणी परगावचा माणूस आला असता, तर त्याला वाटलं असतं की सगळं गाव गणिताच्या परीक्षेला बसलंय. दोन-अडीचशे माणसं उन्हात उभी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडलेला. म्हाताऱ्यांनी आपापले फोन नातवंडांच्या हातात दिलेले. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक काळी गाय, कपाळावर पांढरी चांदणी, गळ्यात झेंडूची माळ, निवांत रवंथ करत उभी.

सगळ्यांचं लक्ष गाईकडे नव्हतं, तिच्या कानाकडे होतं. आमच्याकडे गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा सरकारी बिल्ला असतो. त्यावर बारा आकडी नंबर. जनावराचा विमा काढायचा, दवाखान्यात नोंद करायची, तर तो लागतोच. आमच्या दोन्ही गाईंच्या कानात आहे. त्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

या गाईच्या बिल्ल्याला मात्र हळदकुंकू वाहिलं होतं.

गाईचा मालक गोरखबुवा. भगवी लुंगी, कानाला लावलेला माईक, आवाज एकदम गोड. पूर्वी हा गावोगाव पशुखाद्य विकायचा असं काही जण म्हणत. तो स्वतः म्हणे की गाय तळेघरच्या रानातून आपल्या पायांनी चालत त्याच्या दारात आली, आणि आली तेव्हाच कानात हा आकडा होता.

"वाचा रं पोरांनो," बुवा म्हणाला. "एक चार दोन आठ पाच सात. परत एक चार दोन आठ पाच सात. बारा आकडं. आता याला दोननं गुणा. माझ्यावर इस्वास ठिवू नका, तुमच्या मोबाईलवर ठिवा."

बोटं चालली. उत्तर आलं: दोन आठ पाच सात एक चार, परत दोन आठ पाच सात एक चार. तेच आकडे, फक्त सरकलेले. तीननं गुणलं, तेच आकडे, आणखी सरकलेले. चारनं, पाचनं, सहानं. एक आकडा नवा येत नाही, एक जुना जात नाही. बुवा समजावून सांगत होता की आकडे गाईला प्रदक्षिणा घालतायत, आणि जिथं आकड्यांना अक्कल आहे तिथं माणसाला कधी यायची. लोक हसले.

मग त्यानं आवाज अगदी खाली आणला आणि सातनं गुणायला सांगितलं.

प्रत्येक मोबाईलवर बारा नऊ उमटले. नऊच नऊ, एका रांगेत.

"नऊ म्हंजी कोण?" बुवानं विचारलं.

"नवनाथ," सगळी गर्दी म्हणाली.

मीही कडेवर बाळाला घेऊन उभी होते आणि मीही गुणलं होतं. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. गणित घेऊन बी.एस्सी. केलेल्या बाईच्या अंगावर येतो तसा. म्हणजे भीतीचा नव्हे, काहीतरी फार सुंदर दिसल्याचा.

शेजारचे रखमाजीबाबा माझ्या बाजूला उभे होते. रेशन, रस्ता, पाणी, यातल्या कशातही सरकारवर विश्वास न ठेवणारा माणूस. ते मला म्हणाले, "बुवा खोटा असंल एक वेळ. पण बिल्ला तर सरकारी हाय ना. सरकारला काय पडलंय नाथाचं?" सगळ्या गावाला हेच पटलं होतं. देवाच्या नावानं कुणी काही सांगितलं असतं तर चार लोकांनी शंका घेतली असती. पण नंबर सरकारचा आणि हिशेब मोबाईलचा. शंका घ्यायची तरी कुठं?

मग बुवानं उपचार सांगितला. घरात आजारी असेल त्याला सात रविवार आणायचं, सात फेऱ्या घालायच्या, कपाळ बिल्ल्याला लावायचं. पैसे मागत नव्हता. एक पेटी होती, तिच्यावर कापड टाकलेलं होतं. एकच पथ्य. औषध बंद.

"हा गुणाकार चालूय," तो म्हणाला, "आन् औषिध म्हंजी भागाकार. गुणाकार चालू असताना भागाकार केला की आकडा तुटतो. आन् तुटका आकडा करणाऱ्याच्या घरात शिरतो."

लोक आधी हसले. मग हसायचे थांबले.

माझी थोरली जाऊ जया पुढच्या रांगेत उभी होती. तिच्या हाताला धरून संस्कृती.

संस्कृती सहा वर्षांची. माझं बाळ रडलं की आधी तीच पोचायची. काकी तू भाकऱ्या कर म्हणायची, आणि वासरासारखं हंबरून त्याला हसवायची. बाळाला आईआधी तिचा आवाज ओळखू यायला लागला होता. तिच्या केसांना कायम खोबरेल तेलाचा वास, फ्रॉकच्या खिशात कायम काहीतरी: चिंचोका, बटण, मेलेला काजवा.

तिला फिट यायची. डोळे वर जायचे, आधी उजवा हात थरथरायचा, मग सगळं अंग. नारायणगावच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, छोट्या कपानं मोजून. त्यांनी जयाताईला बजावून सांगितलं होतं की एकही वेळ चुकवायची नाही आणि मनानं बंद तर अजिबात करायचं नाही. औषध सुरू झाल्यापासून फिट जवळजवळ थांबली होती. पण एकदा वर्गात आली. फ्रॉक ओला झाला. तेव्हापासून पोरं तिला झटकेवाली म्हणत. जयाताईनं शाळेतून आणून तिला न्हाऊ घातलं, आणि त्या रात्री स्वतः जेवली नाही. डॉक्टर म्हणाले होते काही वर्षं औषध लागेल. जयाताईच्या कानात मात्र 'जन्मभर' एवढाच शब्द राहिला. पोरीचं लग्न कसं व्हायचं, हे ती सहा वर्षांच्या लेकीकडे बघून म्हणायची.

आमच्या सासूबाई साळुबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो. गाईची बातमी त्यांनीच घरात आणली. भाऊजी, म्हणजे जयाताईचे नवरे भरत, म्हणाले आई म्हणते तर करून बघू, नुकसान काय आहे. माझा नवरा चाकणला कंपनीत, तो आठवड्याला यायचा. नुकसान काय आहे, यावर मी एकटीच बोलले, आणि धाकट्या सुनेचं बोलणं आमच्या घरात जितकं ऐकलं जातं तितकं ऐकलं गेलं.

तरी मला वाटलं होतं की औषध तरी चालू ठेवतील. फेऱ्या घालून कुणाचं काय बिघडत नाही.

ओतूरला बाळाचं औषध आणायला गेले तेव्हा मेडिकलवाल्या कल्पेशनं सहज विचारलं, "वहिनी, संस्कृतीचं औषध हल्ली दुसरीकडून घेता का? बाटली संपून बरेच दिवस झाले असणार."

घरी आले ती सरळ गोठ्यात गेले. जयाताई धार काढत होती. मी विचारलं. तिनं हात थांबवला नाही.

"बंद केलंय," ती म्हणाली.

मी डॉक्टरांच्या सांगण्याची आठवण करून दिली. भांडले नाही, समजुतीनंच बोलले. दुधाची धार भांड्यात वाजत राहिली. मग ती म्हणाली, "तुज्याइतकी मी शिकली न्हाई, प्रतिभा. पर मोबाईल माज्या हातात व्हता. बोट माजं व्हतं. मी माज्या डोळ्यानं नऊ बघितलं. डाक्टरनं मला असं काय दाखवलं? नुसती बाटली दिली."

डॉक्टरांनी तिला खरंच काही दाखवलं नव्हतं. सांगितलं होतं, आणि पुढचा पेशंट आत घेतला होता.

मग मी चोरून करायचं ठरवलं. कल्पेशकडून बाटली आणली, जुनी चिठ्ठी माझ्या पेटीत होती. संध्याकाळच्या दुधात औषध घालून कप संस्कृतीच्या हातात दिला. तिनं ओठाला लावला आणि निरागसपणे म्हणाली, "काकी, यात औषध हाय." जयाताई चुलीपुढून उठली, तिनं कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. आवाज चढवला नाही.

"लेक माजी हाय," एवढंच म्हणाली.

त्यानंतर दोन-चार दिवस मी तो आकडा मनात घोळवत राहिले. एवढं नीट वागणारं काही आभाळातून पडत नाही, हे मला माहीत होतं. ते कुठून आलं हे मात्र आठवत नव्हतं. भाकरीचं पीठ मळायला घेतलं आणि परातीतल्या कोरड्या पिठावर बोटानं हिशेब मांडला. सातनं गुणून नऊच नऊ येतात. म्हणजे नऊच्या रांगेला सातनं भागलं की हा आकडा येणार. आणि टिंबापुढं नऊच नऊ कधी संपलेच नाहीत, तर ते होतात एक. मी एक लिहिला आणि सातनं भागायला घेतलं.

एकात सात जात नाही. शून्य लावून दहा केले. दहात सात एकदा, बाकी तीन. तीसमध्ये सात चारदा, बाकी दोन. वीसमध्ये दोनदा, बाकी सहा. साठमध्ये आठदा, बाकी चार. चाळीसमध्ये पाचदा, बाकी पाच. पन्नासमध्ये सातदा, बाकी एक.

परत एक. जिथून निघालो तिथंच. आता पुढं तेच सगळं पुन्हा येणार, जन्मभर. पिठात लिहिलं गेलं होतं: एक चार दोन आठ पाच सात.

एकाला सातनं भागलं, बस. सातनं भागताना बाकी एक ते सहा यांतलीच उरू शकते, आणि इथं सगळ्या बाक्या एकेकदा येऊन गोल पुरा होतो. दोननं गुणलं म्हणजे दोनाला सातनं भागल्यासारखं. गोल तोच, सुरुवात फक्त दुसऱ्या ठिकाणून. आणि सातनं गुणलं की भागाकार मिटतो, सगळे नऊ उरतात. गाय नसली तरी येतात. नाथ नसले तरी येतात. बुवानं आपल्या सगळ्या भक्तांना नेमकी तीच एक गोष्ट करायला बंदी घातली होती जिच्यातून त्याचा आकडा जन्मला होता.

मी जयाताईला हाक मारली. संस्कृती तिच्याआधी आली आणि परातीपाशी बसली. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून करून दाखवलं, हळूहळू, एकेक बाकी. जयाताई सातवी शिकलेली, भागाकार तिला येतो. शेवटची बाकी एक आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं, जिंकलं.

"म्हंजी कुणालाबी काढता येतो हा," ती म्हणाली.

कुणालाही, मी म्हटलं.

तिनं पहिल्या बाकीपासून बोटानं सगळं पुन्हा मोजलं. मग म्हणाली, "एकच आयतवार राहिलाय. एवढा व्हऊ दे. आता मधीच सोडलं आन् काय झालं, तर ते माज्यावर येईल." आणि पिठावरून हात फिरवून तिनं आकडे पुसले. मी भाकऱ्या थापल्या. सगळ्यांनी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्कृती अंगणात बाळाला झोका देत होती. झोका थांबला म्हणून मी वळून पाहिलं. तिचे डोळे वर गेलेले, आणि यावेळी ते खाली येईनात. फिट थांबायची आणि शुद्धीवर यायच्या आधीच पुन्हा सुरू व्हायची. भाऊजींनी शेजाऱ्यांची जीप काढली. नारायणगावपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि पाय जयाताईच्या. खोबरेलाचा वास सगळ्या गाडीत भरला होता. आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत नव्हतो.

डॉक्टरांनी फिट थांबवली, पण फार वेळानं. त्यांनी बाहेर येऊन औषधाचं विचारलं, आणि उत्तर ऐकून खुर्चीत बसले. असं औषध एकदम तोडलं की मेंदू पिसाळल्यासारखा होतो, म्हणाले. पोर वाचली आहे, पण उजव्या हातात आणि बोलण्यात किती परत येईल हे आत्ताच सांगता येणार नाही.

आत्या बाकावर बसून रडत होत्या. जयाताई रडत नव्हती. मी तिच्याजवळ गेले, तिनं माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "तू भागलंस तवा ती बाजूलाच बसली व्हती."

पहिल्यांदा मला कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग परातीतला भागाकार आठवला, आणि बुवाचा तुटका आकडा.

रविवारी मी ओढ्याकाठी गेले. बाळाला शेजारणीकडे ठेवलं. तिथं जाऊन माझ्या घरातलं काही दुरुस्त होणार नव्हतं, हे मला माहीत होतं. पण त्या रांगेत आणखी लेकरं उभी होती. एका पोरीच्या आईनं दम्याचा पंप पिशवीत गुंडाळून ठेवलेला मी मागच्या खेपेला पाहिला होता.

जाताना मी गोकुळभाऊंना बरोबर घेतलं. हे डेअरीकडून जनावरांना बिल्ले मारायचं काम करतात. त्यांना मी आदल्या दिवशी विचारलं तेव्हा ते खाली बघून म्हणाले होते की त्यांना पहिल्या दिवसापासून शंका आहे, "पण मला या गावात फिरायचंय वहिनी." संस्कृतीचं सांगितल्यावर यायला तयार झाले.

बुवा सातपर्यंत पोचला, नऊ उमटले, गर्दीनं नवनाथ म्हटलं. तेवढ्यात मी मोठ्यानं म्हणाले, "आता आठनं गुणा."

"सातापुढं जायचं नसतं माय," बुवा गोड हसत म्हणाला. पण बोटांना सवय लागली होती. उत्तर तेरा आकडी आलं, शेवटी सहा. गोल मोडला होता. लोक एकमेकांचे मोबाईल बघायला लागले.

मग मी म्हटलं की आता एकाला सातनं भागा. कुणीच करेना. रखमाजीबाबांनी आपला फोन माझ्यापुढं धरला. "तूच कर बाई. माज्या घरात सून बाळंत व्हायचीय." मी केलं आणि पडदा वर धरला. शून्य, टिंब, आणि पुढं गाईच्या कानातला आकडा. मागचा एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, आयला, खरंच की राव. मग दुसऱ्यानं केलं, तिसऱ्यानं केलं. मी परातीतलं सगळं तिथं मातीत काठीनं लिहून दाखवलं. सतरानं भागलं तर याहून लांब, सोळा आकड्यांचा असाच गोल निघतो, हेही सांगितलं. म्हणजे उद्या कुणी म्हैस घेऊन आला तर तयारीत राहा.

बुवा डगमगला नाही. म्हणाला, बघा, भागलं तरी नाथच दिसतात. दोन-चार माना हललेल्याही मी पाहिल्या.

तेव्हा गोकुळभाऊ पुढं गेले. त्यांनी बिल्ल्याचा नंबर आपल्या मोबाईलमधल्या सरकारी नोंदीत टाकला आणि लोकांना दाखवला: असा नंबर कुठल्याच जनावराला दिलेला नाही. मग त्यांनी गाईचा कान अलगद धरला. बिल्ल्याचं भोक मोठं, फाटलेलं, एका बाजूनं भरून आलेलं. "आधीचा बिल्ला कापून काढलाय," ते म्हणाले. "असला पिवळा तुकडा कुठंबी छापून मिळतो. आन् ही गाय म्या बेल्ह्याच्या बाजारात बघितलीय. रानातून आली म्हणं."

आता लोक चिडले, शिव्या देऊ लागले. कापडाखालची पेटी कुणीतरी उपडी केली. बुवानं दुपारच्या आत टेम्पो बोलावला. गाय चढवताना मात्र तीन-चार बायका पुढं झाल्या आणि तिच्या कानाला हात लावून पाया पडल्या. त्यांतली एक मला जाता जाता म्हणाली, "बिल्ला खोटा असंल बाई, पर आकडं तर फिरलं की."

हो. आकडे फिरले. तेच तर सांगायचंय.

संस्कृती घरी आली आहे. उजव्या हाताची मूठ मिटत नाही. शब्द उशिरा येतात, काही येतच नाहीत. बाळ तिला बघून हात पसरतं आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहते. जयाताई आता औषधाची एक वेळ चुकवत नाही. पण मी स्वयंपाकघरात असले तर देत नाही. मी बाहेर जाईपर्यंत ती थांबते. पोरीला माझ्याजवळ बसू देत नाही. त्या दिवशी ओढ्यावर निम्म्या गावानं भागाकार केला आणि कुणाच्या घरात काही शिरलं नाही, हे मी तिला एकदा सांगून पाहिलं.

"त्यांच्या पोरांचं औषिध कुठं बंद व्हतं," ती म्हणाली.

खरं कारण तिच्याच तोंडात होतं, तिनंच ते उच्चारलं होतं, आणि तिला ते ऐकू आलं नव्हतं. ऐकू आलं असतं तर ती जगली असती का, हे मला माहीत नाही. म्हणून मी पुढं काही बोलले नाही. माझ्यावर दोष ठेवून तिला उभं राहता येत असेल, तर राहू दे.

तुम्हाला मात्र सांगते, कारण तुमच्या घरातलं औषध अजून चालू असेल. आम्हाला दाखवलेलं जवळजवळ सगळं खरं होतं. गुणाकार खरा, नऊ खरे, मोबाईल खरा. बिल्ला खोटा निघाला, पण घात केला तो मधल्या एका शब्दानं: 'म्हणून'. आकडे फिरतात, म्हणून पोर बरी होईल. या दोन गोष्टींच्या मध्ये काहीच नव्हतं, आणि त्या रिकाम्या जागेवर आम्ही आमचं लेकरू उभं केलं. कुणी कितीही खरं, कितीही सुंदर काही दाखवलं, तरी विचारा की याचा माझ्या लेकराच्या दुखण्याशी संबंध काय. आणि उत्तर मिळेपर्यंत औषधाचा कप खाली ठेवू नका. लेकराला पाजा, मग विचारा.

आम्ही आधी थांबवलं, मग विचारलं.